कॉन्ट्रास्ट कशासाठी?

आज लातूरच्या या सभागृहात डॉक्टर थोडे आणि पेशंटचे नातेवाईक जास्त दिसतायत. म्हणून तुमच्याच प्रश्नापासून सुरू करतो : ‘एमआरआय झाला होता की. आता परत सुई टोचून कशाला?’

त्या सुईतलं औषध म्हणजे कॉन्ट्रास्ट, ते पाण्यासारखं स्वच्छ असतं. लोक त्याला ‘रंग’ म्हणतात, म्हणू द्या. त्यात गॅडोलिनियम हा धातू एका रेणूत जखडलेला असतो. तो जिथून वाहतो तिथल्या पाण्याचा चुंबकाला मिळणारा प्रतिसाद बदलतो आणि रक्तवाहिनी चित्रात पांढरी उजळते.

आता एव्हीएम, म्हणजे मेंदूतल्या रोहिण्या आणि शिरा थेट जोडल्या गेलेला गुंता. एरवी रोहिणीतलं (धमनीतलं) रक्त बारीक केशवाहिन्यांत पसरतं, तिथं त्याचा जोर मोडतो, मग ते शिरेत उतरतं. जायकवाडीच्या कालव्याचं पाणी चाऱ्यांतून शेतात पोचतं तसं. एव्हीएममध्ये चाऱ्याच नाहीत. कालवा थेट ओढ्यात फोडलेला. ओढ्याचे काठ तो जोर सोसायला केलेलेच नसतात. म्हणून रक्तस्राव होतो, नाहीतर फिट येते, आणि पेशंट आमच्याकडे येतो तो कांदा हुंगवून झाल्यावर.

हा गुंता साध्या एमआरआयतही काळ्या नागमोडी रेघांसारखा दिसतो. पण आत येणारी नळी कोणती, बाहेर जाणारी कोणती? त्यासाठी कॉन्ट्रास्ट सोडतासोडता एकामागून एक झटपट चित्रं घेतात. निरोगी मेंदूत आधी रोहिण्या उजळतात, काही सेकंदांनी शिरा. एव्हीएममध्ये रोहिणीबरोबरच शीरही उजळते. स्पेट्झलर आणि मार्टिन यांनी 1986 साली जी प्रतवारी मांडली, तिला तीनच गोष्टी लागतात : गुंत्याचा आकार, तो बोलण्या-चालण्याच्या नाजूक भागात आहे का, आणि रक्त खोलवरच्या शिरांत उतरतं का. ऑपरेशनचा धोका त्यावरून जोखतात. तरी सर्जन कॅथेटरची अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिनीत बारीक नळी घालून काढलेली चित्रं, मागेलच. पोर्तुगालच्या मोनिझने 1927 साली सुरू केलेली मेंदूची अँजिओग्राफी आजही बारकाव्यात एमआरआयच्या पुढे आहे.

कॅव्हर्नोमात, म्हणजे फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गोळ्यात, कॉन्ट्रास्टचा उपयोग कमी. तिथं जुन्या रक्तातलं लोह एसडब्ल्यूआय नावाच्या सिक्वेन्समध्ये (एमआरआयची चित्रं घ्यायची एक पद्धत) काळंभोर दिसतं, सुईशिवाय. तरीही मी कॉन्ट्रास्ट मागतो, कारण शेजारी बऱ्याचदा डीव्हीए असतो : बारीक शिरा एकत्र येऊन एका मोठ्या शिरेत मिळतात, आणि तो कॉन्ट्रास्टवर लख्ख दिसतो. रिपोर्टात ते नाव वाचून लोक धावत हैदराबाद गाठतात. अहो, मेंदूच्या त्या भागाचं रक्त बाहेर न्यायची ती एकुलती वाट असते. तिला हात लावायचा नसतो. कॅव्हर्नोमा काढतानाही सर्जन ती जपतो.

मूत्रपिंडाचा आजार असेल, डायलिसिस चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर सुईआधी सांगा. ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं याचा आकडा) 30 च्या खाली असलेल्यांना, विशेषतः जुन्या पद्धतीच्या गॅडोलिनियम औषधांनी, कातडी कडक होण्याचा दुर्मीळ पण गंभीर आजार झालेला आहे.

आणि पुण्याला दाखवायला जाताना नुसतं फिल्मचं पाकीट नेऊ नका. शीर कधी उजळली हे त्या निवडक चित्रांवरून सहसा कळत नाही. सेंटरवाल्याकडून सगळ्या सिक्वेन्सची सीडी मागून घ्या, आणि ती उघडते का हे लातूर सोडायच्या आधीच बघा.