उन्हाळ्यात पाहिलेली जागा

श्रोतेहो, नमस्कार.

लँडस्केप आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला स्वतः निवडलेल्या एका जागेचा संपूर्ण आराखडा करावा लागतो. आधी जमिनीचे चढउतार, माती, झाडे आणि पाण्याची वाट यांचा अभ्यास, मग आरेखन, असा त्याचा क्रम असतो. नागपुरात हे काम करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगत आलो आहे: जागा केवळ उन्हाळ्यात पाहिली असेल, तर ती अर्धीच पाहिली आहे.

आमच्या एका विद्यार्थिनीने अंबाझरीच्या खालच्या अंगाला, नाग नदीकाठची एक पडीक जागा निवडली होती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले, हे आपणा सर्वांना आठवत असेल. रस्त्यांवरून वाहून येणारे पाणी या जागेवरील खोलगट बागेत अडवावे आणि तिथेच जमिनीत मुरवावे, अशी तिची कल्पना होती. मे महिन्यात तिने तिथे हातभर खड्डा खणला, त्यात पाणी ओतले आणि पातळी मोजायला पट्टी लावली. पाणी डोळ्यांदेखत नाहीसे झाले. ती आनंदाने आकडा वहीत लिहून घेत असताना शेळ्या चारणाऱ्या एक आजीबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "पोरी, हे भेग आत्ता पाणी पिऊन राहिली. मिरगाचा पाऊस पडला का मिटते ते, मंग इथं गुडघाभर पाणी राहते."

आजीबाईंनी सांगितले ते मृदाशास्त्राला धरूनच होते. आपल्या काळ्या मातीतील चिकणकण पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. मे महिन्यात ओतलेले पाणी मातीत मुरत नाही, ते भेगांत उतरते. माती फुगली की भेगा मिटतात आणि मग तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी जिरते. विद्यार्थिनीने तो खड्डा सकाळ-संध्याकाळ भरत ठेवला. हळूहळू कडेच्या भेगा बुजल्या, पाणी गढूळ होऊन थबकले आणि एका सकाळी ती पोहोचली तेव्हा आजीबाईंच्या शेळ्या त्याच खड्ड्यातले पाणी पीत होत्या. पट्टीवरची खूण रात्रीतून फारशी उतरलेली नव्हती.

तिने सगळा आराखडा नव्याने मांडला. पाणी मुरवणारी खोल बाग जाऊन तिथे पसरट, उथळ तळे आले, त्याखाली रेती-गिट्टीचा थर आणि छिद्रांची नळी आली, आणि भरलेले पाणी सावकाश नदीत सोडणारा सांडवाही आला. काठाला पाण्यात आणि कोरड्यातही तग धरणारे अर्जुन आणि करंज, उतारावर माती धरून ठेवणारा वाळा. पायवाटांखालची काळी माती काढून मुरूम भरायचे ठरले, कारण फुगणारी माती वरची फरसबंदी उचलून फोडते.

फरसबंदीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, कडुनिंबाच्या बुंध्याला चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवण्याची आपल्या शहरातली पद्धत बंद झाली पाहिजे. मुळांना हवा आणि पाणी दोन्ही लागते, आणि पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा आपण त्याच झाडाखाली गाडी लावायला धावतो.

तर पुन्हा सांगतो: काळ्या मातीवर पाणी मुरण्याची चाचणी माती पूर्ण भिजवून, भेगा मिटल्यावरच घ्यावी. यंदा शेवटच्या वर्षात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी जागा जुलैतच निवडावी, भर पावसात तिथे छत्री घेऊन उभे राहावे, पाणी कुठून येते आणि कुठे तुंबते त्याच्या खुणा नकाशावर तिथल्या तिथे कराव्यात, आणि शेजारी राहणाऱ्यांना मागच्या पुराचे पाणी भिंतीवर कुठवर चढले होते, हे अवश्य विचारावे.

नमस्कार.