यजमान देश ठरवताना: सही करण्याआधीचं काम

आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी यजमान देश निवडायला बसलं की आयोजक समितीत पहिली जुंपते ती देश चांगला की वाईट यावर. तो वाद मिटत नाही. त्यापेक्षा तीन प्रश्न धरावेत: आपला प्रत्येक प्रतिनिधी तिथे पोचेल का, मोकळेपणी बोलेल का, सुखरूप परतेल का?

पहिल्याच प्रश्नात भलेभले अडकतात. अमेरिकेत एचआयव्हीबाधितांना प्रवेशबंदी होती, म्हणून 1992 ची आंतरराष्ट्रीय एड्स परिषद बोस्टनऐवजी ॲम्स्टरडॅमला झाली. बंदी 2010 मध्ये उठली, तेव्हा कुठे 2012 ची परिषद वॉशिंग्टनला भरली. आणि 2022 मध्ये मॉन्ट्रियलला? आफ्रिकेतल्या अनेकांना कॅनडाचा व्हिसाच मिळाला नाही. कॅनडा ‘सुरक्षित’ रकान्यात टाकून आपण मोकळे होतो, म्हणून हे आधी सुचत नाही. व्हिसाचा निकाल किती दिवसांत लागेल आणि अडलेल्या अर्जांचा पाठपुरावा कोणता अधिकारी करेल, हे यजमानाच्या प्रस्तावातच लेखी मागा.

बोलण्याचं संरक्षण कागदावर असतं, आणि त्या कागदाला हद्द असते. संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेआधी यजमान सरकारशी करार होतो; त्याने प्रतिनिधींना कायदेशीर संरक्षण मिळतं. पण ते कोणाला, कोणत्या जागेत, कोणत्या तारखांपर्यंत? हॉटेल आणि विमानतळ त्यात येतात का? 2022 मध्ये शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत इजिप्तने निदर्शनांसाठी वेगळी जागा नेमून दिली होती. खासगी संस्थांच्या परिषदांना तर असा करारच नसतो. त्यांच्या हातात फक्त सभागृहाचा आणि हॉटेलचा व्यापारी करार, बाकी सगळा स्थानिक कायदा. हे अनेक आयोजकांच्या गावीही नसतं.

त्या व्यापारी करारातच पैसे बुडतात. ‘फोर्स मेजर’ म्हणजे हाताबाहेरच्या आपत्तीत करारातून सूट देणाऱ्या कलमात भूकंप, युद्ध, साथ असते. नवा दडपशाहीचा कायदा सहसा नसतो. युगांडाने मे 2023 मध्ये समलैंगिकताविरोधी कायदा केला. तिथे आधीच सही केलेल्या आयोजकाला तेवढ्या कारणावर आगाऊ रक्कम परत मिळणं कठीण, आणि तारीख जवळ येते तसा रद्द करण्याचा दंड चढत जातो. म्हणून वेगळं कलम घाला: कायदा बदलला, प्रतिनिधीला अटक झाली किंवा ठरलेल्या प्रमाणाबाहेर व्हिसा नाकारले गेले, तर दंडाविना माघार. शहराचं नाव जाहीर झाल्यावर हे कलम कोणी देत नाही.

परतण्याचा प्रश्न पाहुण्यांपेक्षा स्थानिकांना जास्त जाचतो, कारण त्यांना तिथेच राहायचं असतं. ट्युनिशियाची राजधानी ट्युनिसला 2005 च्या संयुक्त राष्ट्रांच्या माहिती समाज शिखर परिषदेवेळी नागरी संघटनांच्या समांतर सभेत अडथळे आणले गेले. स्थानिक कार्यकर्त्यांना निवडीआधी विचारा, तेही सुरक्षित मार्गाने. त्यांच्यात एकमत नसेल. मग ज्याला झळ बसणार त्याचं मत जड धरा. नोंदणीची यादी यजमानाच्या सर्व्हरवर ठेवू नका.

चिलीने 2019 मध्ये ऑक्टोबरअखेर यजमानपदातून माघार घेतली आणि हवामान परिषद 2 डिसेंबरला माद्रिदला सुरू झाली. इतक्या कमी वेळात जागा बदलण्याची यंत्रणा छोट्या संस्थेकडे नसते. पहिल्या शहराच्या करारावर सगळ्या कलमांसह सही होईपर्यंत दुसऱ्या क्रमांकाच्या शहराला नकार कळवू नका, आणि त्यांच्या दरपत्रकाची मुदत वाढवून घ्या.