काल्चाकी खोऱ्यातली वाइन: उंची कशासाठी?

मित्रहो, उंचावरच्या वाइनचा विषय निघाला की पहिल्यांदा मीटर मोजले जातात. 1,700 मीटर, 2,300 मीटर, 3,111 मीटर. यातला शेवटचा आकडा अर्जेंटिनाच्या साल्ता प्रांतातल्या कोलोमे वाइनरीच्या 'आल्तुरा माक्सिमा' या मळ्याचा. जगातल्या सर्वांत उंच मळ्यांत त्याची गणना होते. आकडा खरा आहे, पण नुसत्या आकड्यावरून वाइनबद्दल काही कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. उंचीबरोबर अक्षांश सांगायलाच हवा.

हा मळा काल्चाकी खोऱ्यात आहे. हे खोरं अँडीजच्या रांगांमध्ये उत्तर-दक्षिण पसरलं आहे. त्यातलं वाइनचं मुख्य गाव काफायाते, सुमारे 1,700 मीटरवर आणि 26 अंश दक्षिण अक्षांशावर. वाइनच्या द्राक्षांचा पट्टा दोन्ही गोलार्धांत ढोबळमानाने 30 ते 50 अंशांमधला. काफायाते त्या पट्ट्याबाहेर, विषुववृत्ताच्या बाजूला पडतं. हेच गाव समुद्रसपाटीला असतं तर इथल्या उन्हात उत्तम वाइनची द्राक्षं पिकवणं फार अवघड गेलं असतं. पण हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. 1,700 मीटरला हा हिशेब अकरा अंशांवर जातो. अक्षांशाने नाकारलेलं हवामान इथे उंचीने मिळवून दिलं आहे.

याच्या उलट उदाहरण घ्या. इटलीत आल्प्सच्या कुशीतल्या आओस्ता खोऱ्यात मोर्झे नावाचं गाव आहे. तिथले मळे 1,200 मीटरच्या आसपास, युरोपातल्या सर्वांत उंच मळ्यांपैकी. अक्षांश 46 अंश उत्तरेच्या जवळ. तिथे उंची मदतीला येत नाही, ती आडवी येते. म्हणून तिथे प्रिए ब्लाँ ही लवकर पिकणारी जात लावतात आणि वेल बुटक्या मांडवावर चढवतात, जमिनीची ऊब घडांना मिळावी म्हणून. मांडव इतका ठेंगणा, की त्याखाली वाकूनच काम करावं लागतं. काफायातेतही तोरोंतेस या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचे जुने मळे मांडवावरच आहेत, पण तो मांडव डोक्यापेक्षा उंच. घड पानांच्या सावलीत लोंबतात, कारण इथे भीती उन्हाची आहे. मांडव दोन्हीकडे, कारणं मात्र अगदी विरुद्ध. उंची हा गुण मानायचा की अडचण, हे त्या मांडवाखाली उभं राहिलं की कळतं.

आता द्राक्षाच्या मण्याच्या आत काय घडतं ते पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. उंचावर हवा विरळ असते आणि दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. ऊन लागलं की आपली त्वचा रापते, तसा मणीही आपला बचाव करतो. सालीत रंगद्रव्यं आणि त्यांच्या जातकुळीतली इतर द्रव्यं जास्त साठतात, साल जाड होते. इथल्या माल्बेक या काळ्या द्राक्षाच्या वाइनचा गडद, जवळजवळ काळा वाटणारा जांभळा रंग त्यातूनच येतो.

दुसरी गोष्ट रात्रीची. द्राक्षात दोन मुख्य आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. मॅलिक आम्ल वेल श्वसनात खर्चून टाकते आणि ऊब जितकी जास्त तितका खर्च जास्त. काल्चाकीत दिवस-रात्रीच्या तापमानात पंधरा-वीस अंशांचा फरक पडणं नेहमीचं आहे. दिवसभर कडक उन्हात साखर भरते आणि थंड रात्री आम्लाचा खर्च मंदावतो. त्यामुळे गोडी आणि आंबटपणा, एरवी एकमेकांच्या मुळावर उठणारे, इथे एकाच मण्यात टिकतात.

पण याची किंमत मोजावी लागते. साखर पुढे धावते, बिया आणि साल मागे राहतात. साखर पाहून तोडणी केली तर बियांचा कच्चा तुरटपणा वाइनमध्ये उतरतो. बिया तपकिरी होईपर्यंत थांबलं तर मद्यार्क पंधरा टक्क्यांकडे सरकतो आणि यीस्टचीही दमछाक होते. म्हणून काही वाइनकार एकाच मळ्याची तोडणी दोन-तीन टप्प्यांत करतात आणि नंतर मिश्रण जुळवतात. माझ्या मते या खोऱ्यातलं खरं कौशल्य तोडणीचा दिवस ठरवण्यात आहे. लाकडी पिंपांविषयी आपण उगाच जास्त बोलतो.

पाण्याचा उल्लेख ओघात करतो. पाऊस वर्षाला 200 मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास वाळवंटच. डोंगरातून येणाऱ्या नद्यांच्या पाण्याशिवाय इथे वेल जगणार नाही. कोरडेपणाचा फायदा एवढाच, की बुरशीचे रोग कमी. पाटपाण्याची कला मात्र स्पॅनिश लोकांनी आणलेली नाही. दियागिता लोक इथे आधीपासून पायऱ्यांची शेती करून पाणी खेळवत होते. त्यांच्यातल्या किल्मेस लोकांनी दीर्घकाळ झुंज दिली. 1660च्या दशकात हरल्यावर त्यांना हजाराहून जास्त किलोमीटर पायी चालवत बुएनोस आइरेसजवळ नेऊन बसवलं. ज्यांनी हे खोरं पिकतं केलं त्यांचं नाव वाइनच्या गप्पांत क्वचितच निघतं, याचं मला वाईट वाटतं.

मघाशी एका ताईंनी विचारलं, या खोऱ्याची म्हणावी अशी जात कोणती? माल्बेक फ्रान्समधून आलेली. तोरोंतेस मात्र अर्जेंटिनातच जन्मलेली. डीएनए तपासणीतून तिचे आईबाप कळले आहेत: अलेक्झांड्रियाची मस्कट आणि क्रिओया चिका. मस्कटकडून तिला फुलांचा सुगंध मिळाला. वास इतका दरवळतो की वाइन गोड असणार असं वाटतं, पण घोट घेतला की ती कोरडी निघते आणि शेवटी किंचित कडवट लागते. तो कडवटपणा सालीतून येतो, म्हणून पिळणी हलक्या हाताने करायची, रस सालीपासून लवकर वेगळा करायचा आणि टाकीत कमी तापमानावर सावकाश आंबवायचा. टाकी तापली तर वास उडून जातो आणि हाती फक्त कडवटपणा उरतो.