परिच्छेदाचं पहिलं वाक्य
(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मुलांनो, आणि मागे बसलेल्या काका-मावश्यांनो, तुमच्या शाळेतल्या निबंधांच्या वह्या मी काल रात्री वाचल्या. कापसावरचा परिच्छेद बहुतेकांनी एकाच वाक्याने सुरू केला आहे : ‘कापूस हे विदर्भाचे महत्त्वाचे पीक आहे.’ वाक्य खरं आहे. पण त्याच्यामागून काहीही येऊ शकतं, भाव, पाऊस, जिनिंग, वेचणीची मजुरी. आणि वह्यांत ते सगळं एकाच परिच्छेदात आलंही आहे. कारण त्या वाक्याने विषयाचं नाव घेतलं, त्याबद्दल म्हणायचं काय ते सांगितलंच नाही.

अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकांनी १८६६ साली परिच्छेदाचे नियम मांडले. सुरुवातीच्या वाक्यातून परिच्छेदाचा विषय ठळकपणे कळावा, हा त्यातला एक. मी मुलांकडून थोडं जास्त मागतो. विषय कळावा, आणि त्याविषयी तुमचं म्हणणंही कळावं.

आता फळ्यावर बघा. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपल्याकडे काय केलं ते घरोघरी माहीत आहे. लोकांनी उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकात, नांगर घातला. त्यावर लिहायचं तर मी असं सुरू करीन : ‘गुलाबी बोंडअळी आत लपून खाते, म्हणून ती वेळेवर सापडत नाही.’

या वाक्यानंतर काय लिहायचं ते शोधावं लागत नाही. मादी पात्यांवर (म्हणजे कळ्यांवर), फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अळी अंड्यातून निघाली की लवकरच आत शिरते. बोंडावरचं बारीक छिद्र भरून येतं, मग फवारा आतपर्यंत पोचत नाही. डोमकळी, म्हणजे अळीमुळे नीट न उमलता मिटून राहिलेलं फूल, दिसली तर अळीचा सुगावा लागतो, पण डोमकळी ओळखायला नजर सरावलेली लागते. नाहीतर बोंड फुटून कवडी, म्हणजे किडका, डागी कापूस, हातात येते तेव्हाच कळतं. म्हणून मादीच्या वासाने या अळीच्या नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावायचे. पतंग किती अडकतात त्यावरून अंदाज घ्यायचा. एकेक वाक्य पहिल्या वाक्यातल्या ‘लपून’ आणि ‘वेळेवर’ या दोन शब्दांना धरून आहे.

मधेच कोणी लिहिलं, ‘यंदा कापसाला भाव नाही.’ दुःख खरं आहे, त्यावर लिहायलाच हवं. पण त्याला वेगळा परिच्छेद द्या. काय बाहेर ठेवायचं हे पहिलं वाक्य ठरवतं, आणि मला त्याचा हाच उपयोग सर्वांत मोठा वाटतो.

उलटी चूकही होते. ‘बोंडअळी ही एक कीड आहे’ असं लिहिलं की बोलणं तिथेच संपलं. पुढे ‘कशी?’ किंवा ‘का?’ विचारता येत नसेल, तर ते वाक्य परिच्छेदाच्या माथ्यावर बसवू नका.

हे वाक्य पहिलंच हवं असं मात्र नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार घ्या. जवळजवळ गोल खळगा, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा. काठ वर उचललेला. बेसाल्ट खडकात प्रचंड धक्क्याने तयार झालेली काच. एवढं सांगून झाल्यावर लिहा : ‘हे विवर उल्कापाताने झालं आहे.’ वाचणारा तिथवर स्वतः चालत आलेला असतो, त्यामुळे ते वाक्य त्याला पटतं. पण आधीचे पुरावे भक्कम असतील तरच हा मार्ग धरा.

काका-मावश्यांनो, तुमच्या अर्जांबद्दलही बोलायचं आहे. ‘विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, मी मौजा अमुक येथील रहिवासी असून माझा व्यवसाय शेती आहे’ इथून सुरुवात होते आणि नुकसान सातव्या ओळीत येतं. कागदांचा ढीग पुढ्यात असलेला माणूस तिथवर पोचेलच असं नाही. नाव, गाव, गट क्रमांक वर वेगळ्या ओळीत लिहा. मजकूर असा सुरू करा : ‘नाल्याचं पाणी शिरून माझं दीड एकर सोयाबीन कुजलं आहे, पंचनामा करावा.’ मग तारीख, धुरा (शेताचा बांध) कुठे फुटला, पाणी किती दिवस साचून होतं.

हे वाक्य आधी सुचत नसेल तर अडून बसू नका. सगळं लिहून काढा आणि शेवटच्या दोन ओळी परत वाचा. लिहिता लिहिता म्हणणं तिथे सापडलेलं असतं. ते उचलून वर ठेवा, आणि ज्या ओळी त्याच्याशी जुळत नाहीत त्या खोडा. वह्या उघडा, आपण आत्ताच करून बघू.