डोकं खाली, पाय वर: पलंगावरचं अंतराळ

नमस्कार मंडळी! मे महिन्यात आपल्या गोव्यात खाऱ्या पाण्यात न्हायला जायची पद्धत आहे. गळ्यापर्यंत समुद्रात बसलेल्या आजोबांना विचारा, थोड्या वेळात लघवी लागतेच. थंडी हे एक कारण, पण मोठं कारण पाण्याचा दाब. पायातलं, पोटातलं रक्त तो छातीकडे ढकलतो. हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, शरीराला वाटतं अंगात पाणी फार झालं, आणि मूत्रपिंडं कामाला लागतात.

अंतराळात पाण्याचा दाब नसतो, पण रक्ताला पायाकडे ओढणारं कोणी उरत नाही. दीड-दोन लिटर द्रव वर सरकतो. चेहरा सुजतो, पाय काटकुळे होतात, आणि महिनोन्‌महिने राहिलं तर काहींच्या डोळ्यामागच्या नसेला सूज येते.

याचा अभ्यास जमिनीवर कसा करायचा? [पलंग दाखवा] या पलंगाचा पायथा मी वीतभर उचललाय. झाला सहा अंशांचा उतार. जर्मनीत कोलोनला माणसं अशी ६० दिवस झोपतात. उशी नाही. जेवण, आंघोळ, शौच सगळं आडवं पडूनच, आणि एक खांदा कायम गादीला टेकलेला. (घरी करून बघू नका, आई ओरडेल.)

२०१९ मध्ये तिथे २४ जणांवर प्रयोग झाला. त्यातल्या काहींना रोज अर्धा तास गरगर फिरणाऱ्या यंत्रावर झोपवलं, डोकं मध्याशी, पाय बाहेर, म्हणजे रक्त पायाकडे जावं. तरी डोळ्याच्या नसेची सूज आलीच! मला तर यात नवल वाटत नाही. अर्धा तास खाली ओढायचं आणि साडेतेवीस तास वर जाऊ द्यायचं, हा हिशोब जुळणार कसा?

रशियन अंतराळवीर मांडीला पट्टे आवळतात, रक्त पायातच अडावं म्हणून. कंबरेखालची हवा खेचणारी विजारही त्यांच्याकडे आहे, नाव ‘चिबिस’. पण ती घालून किती वेळ बसणार?

म्हणून अमेरिकेत डॅलसच्या डॉक्टरांनी झोपेचाच वेळ धरला. कंबरेपर्यंत बंद होणारी झोपायची पिशवी, तिला हवा खेचणारा पंप. दहा जण तीन दिवस अंथरुणात, रात्री आठ तास पिशवीत. २०२१ मध्ये निकाल छापून आला: डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांचा जो थर असतो, त्याचा फुगवटा पिशवीमुळे कमी राहिला. ओढ मुद्दाम मंद ठेवली होती, पाऱ्याच्या २० मिलिमीटरइतकी. जोरात खेचलं तर मेंदूला रक्त कमी पडून माणूस बेशुद्ध होतो.

पण हे लोक सपाट झोपले होते, उतारावर नाही, आणि तेही तीनच दिवस. मंगळाला नुसतं पोचायलाच सहा-सात महिने लागतात. तेव्हा हीच पिशवी आता त्या ६० दिवसांच्या उतरत्या पलंगावर लावून बघायला हवी.