बॅटरी गेली, तरी एओ-७ बोलतोय

आत्ता मागे जी खरखर ऐकू येतेय आणि त्यात मधूनच कुणीतरी बोलतंय, ते सगळं एओ-७ वरून आलंय. ॲमसॅट-ऑस्कर ७, एक जुना रेडिओ उपग्रह. १५ नोव्हेंबर १९७४ ला कॅलिफोर्नियातल्या व्हँडनबर्गवरून डेल्टा रॉकेटने वर गेला, नोआ-४ या हवामान उपग्रहाच्या जोडीला. वजन साधारण २९ किलो, आणि बनवणारे कोण तर हौशी रेडिओवाले, हॅम लोक, अमेरिका, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत बसून कुणी हा भाग केला कुणी तो.

उंची जवळपास १४५० किलोमीटर, एक फेरी ११५ मिनिटांची. एवढ्या उंचीमुळे एकाच वेळी साडेसात-आठ हजार किलोमीटर अंतरावरचे दोन हॅमसुद्धा त्याच्यामार्फत बोलू शकतात, पासच्या, म्हणजे तो आपल्या आकाशातून जातो त्या, थोड्या वेळापुरतं का होईना. १९७५ मध्ये तर त्याने ४३२ मेगाहर्ट्झवर घेतलेला सिग्नल १४५ वर सोडला, तो त्याच्या आधीच्या हौशी उपग्रहाने, ऑस्कर ६ ने, उचलून २९ वर खाली पाठवला, म्हणजे एका उपग्रहावरून दुसऱ्यावर, तेही हौशी लोकांनी!

मग १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट झाली. सोलर पॅनलची सगळी वीज त्या शॉर्टमध्येच जायला लागली, उपग्रह गप्प झाला, लोकांनी त्याला मेलेला धरलं.

२१ जून २००२. एका ब्रिटिश हॅमला हॅम लोकांच्या एका बँडवर जुन्या पद्धतीचा मोर्स बीकन, म्हणजे उपग्रह स्वतःहून पाठवतो तो ओळखीचा सिग्नल, ऐकू आला. एओ-७! झालं असं की शॉर्ट झालेला बॅटरीचा सेल कधीतरी आतून तुटून ओपन झाला, आणि पॅनलची वीज पुन्हा सरळ ट्रान्समीटरला मिळायला लागली. जे बिघडलं होतं तेच अजून बिघडल्यामुळे तो सुरू झाला, हे मला अजूनही फार भारी वाटतं.

पण आता बॅटरी नाहीच, त्यामुळे ऊन असेल तेवढंच आयुष्य. पृथ्वीच्या सावलीत शिरला की बंद, बाहेर आला की आपोआप चालू. आणि वीज साठवायला काहीच नसल्यामुळे कुणी खालून जास्त पॉवर सोडली की ट्रान्सपाँडरचा, म्हणजे खालचे सिग्नल घेऊन दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत सोडणाऱ्या यंत्राचा, वीजपुरवठा डळमळतो आणि त्यावेळी बोलणाऱ्या सगळ्यांचेच सिग्नल थरथरायला लागतात. म्हणून इथे सतत पूर्ण पॉवर खाणारं एफएम वापरत नाहीत, एसएसबी (सिग्नलची एकच बाजू पाठवायची, कमी पॉवर लागणारी पद्धत) किंवा मोर्स, तेही कमीत कमी पॉवरवर. आपला आवाज परत नीट येत नसेल तर अँटेना सुधारायची, पॉवर वाढवायची नाही, आणि हे पाळायलाच हवं कारण एकाच्या हट्टापायी अख्खा पास वाया जातो.

मोड बी मध्ये, म्हणजे ४३२ वर घेऊन १४५ वर सोडतो तेव्हा, ट्रान्सपाँडर उलटा आहे, वर एलएसबीने (एसएसबीची खालची बाजू) बोललात तर खाली यूएसबी (वरची बाजू) येतं, शिवाय डॉपलरही, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकणं, त्यामुळे थोडा कमी छळतो.

सावलीतून बाहेर आल्यावर तो मोड ए मध्ये (१४५ वर घेऊन २९ वर सोडणारा) उठलाय की बी मध्ये हे ऐकूनच कळतं, म्हणून पास सुरू झाला की आधी १४५.९५ च्या आसपास डायल फिरवायची आणि तिथे काहीच नसलं तर खाली २९.४ वर जायचं.