शेंडा पळतोय, बोंड कुठंय?

नमस्कार मंडळी. अथणी तालुक्यातलं हे काळं रान, बाजूला ऊस, बोअरला पाणी बक्कळ, आणि कापूस बघा, छातीला लागलाय! रस्त्यावरनं जाणारा गाडी थांबवून बघतोय. पण जरा आत शिरा, फांद्या बाजूला करा, खाली पिवळी पडलेली पाती (म्हणजे फुलाच्या कळ्या) पसरलीत आणि खालच्या फळफांद्या मोकळ्याच.

कापूस मुळात बहुवर्षायू झाड, आपण ते एका हंगामात उरकतो, त्यामुळं पाणी आणि युरिया मिळाला की ते वाढतच सुटतं, दाटी होते, खाली ऊन पोचत नाही आणि पातं गळतं. इथं मेपिक्वॉट क्लोराईड कामाला येतं. झाडात जिब्रेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार होतं, त्यालाच हे अडवतं, मग पेरं आखूड पडतात, पानं गडद होतात, ऊन आणि फवारा आतपर्यंत जातो. दुकानात ‘चमत्कार’ म्हणून मिळतं, नाव झकास आहे, पण हे टॉनिक नव्हे, ब्रेक आहे. आपल्याकडं काहीजण त्याच पंपात जिब्रेलिक ॲसिडवालं टॉनिक पण ओततात, म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलेटर एकदमच दाबायचं, दोन्हीचे पैसे पाण्यात.

मारायचं कधी? तारीख बघून नाही, झाड बघून. पाती लागायला लागली की शेंड्यापासून खाली चौथं-पाचवं पेर बघा, मधे तीन बोटं बसून वर जागा उरत असेल तर झाड पळतंय. डोस बाटलीवरच्या कागदात असतो, वाचा की राव.

पातेगळीचं औषध वेगळं, एनएए (नॅफ्थॅलिन ॲसेटिक ॲसिड), प्लॅनोफिक्स म्हणून सगळ्यांना माहीत. साडेचार लिटर पाण्याला 1 मिली, म्हणजे 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10 भाग), 15 लिटरच्या पंपाला सव्वातीन मिलीच्या आसपास. टोपणानं अंदाजे ओतू नका, सिरिंज घ्या, कारण जास्त झालं तर झाडात इथिलीन वाढतं आणि गळ थांबायच्या ऐवजी वाढते.

आणि माळावरच्या कोरडवाहू कापसाला मेपिक्वॉट अजिबात नको, तहानलेलं झाड आधीच थांबलेलं असतं. बागायतीत सुद्धा उतारा दरवेळी वाढेलच असं नाही, पण बोंडं जरा एकदम फुटतात, पहिली वेचणी जड होते आणि हरभऱ्याला रान लवकर मोकळं मिळतं.